शनीवरील षटकोन आणि आपली साक्ष



गेल्या रमजानच्या अखेरच्या दिवसांत माझ्या हातून एक चूक घडली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी एक छायाचित्र पाठविले. ते शनी ग्रहाच्या उत्तर ध्रुवाचे होते. ढगांच्या त्या विशाल मैदानात कुणी पट्टी ठेवून रेघा ओढाव्यात तसा सहा बाजूंचा एक रेखीव षटकोन दिसत होता. छायाचित्राखालचा मजकूर मी दुसऱ्याकडून आलेला तसाच पुढे ढकलला होता: ‘ही आकृती कशी निर्माण झाली, याचे उत्तर जगातील कोणत्याही वैज्ञानिकाजवळ नाही. विज्ञान येथे हात टेकते. सुबहानल्लाह!’ इफ्तारपूर्वीच्या त्या अर्ध्या तासात गटावर ‘माशाअल्लाह’ आणि ‘सुबहानल्लाह’ यांचा पाऊस पडला, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले.

तरावीहनंतर माझ्या भाचीचा फोन आला. ती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकते. ती अदबीने म्हणाली, “मामू, चित्र खरे आहे, पण खालचा मजकूर खरा नाही. असा षटकोन प्रयोगशाळेत, पाण्याच्या टाकीत तयार करून दाखविलेला आहे.” मी तिला शाबासकी दिली आणि फोन ठेवला. पण मनात काहीतरी खट्टू झाले. ते काय होते, याचा विचार करण्यात माझे पुढचे कित्येक दिवस गेले. हा लेख त्या विचारातून आला आहे.

आधी ती आकृती नेमकी काय आहे ते समजून घेऊ. व्हॉयेजर या दोन अंतराळयानांनी १९८० आणि १९८१ मध्ये शनीजवळून जाताना जी छायाचित्रे टिपली, ती जोडून पाहताना १९८८ साली डेव्हिड गॉडफ्री या संशोधकाच्या ध्यानात हा षटकोन आला. पुढे २००४ साली कॅसिनी हे यान शनीभोवती फिरू लागले. तेव्हा तेथील उत्तर ध्रुवावर हिवाळ्याचा प्रदीर्घ अंधार होता. शनीचे एक वर्ष आपल्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांचे असते, त्यामुळे तिथली ध्रुवीय रात्रही वर्षानुवर्षे चालते. त्या अंधारात कॅसिनीने अवरक्त किरणांच्या आधारे षटकोन पाहिला. २००९ मध्ये तेथे सूर्य उगवू लागल्यावर तो साध्या प्रकाशातही दिसू लागला. त्याची एकेक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीची आहे. आपल्या पृथ्वीचा व्यास जेमतेम १२,७५० किलोमीटर भरतो, म्हणजे आपली पृथ्वी त्याच्या एका बाजूवर ठेवली तरी जागा उरेल. सुमारे ७८ अंश उत्तर अक्षांशावर, ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचा एक पट्टा ध्रुवाला वेढून आहे. हा पट्टाच षटकोनी आहे. आतील ढग त्या वाटेने धावत असतात आणि वाटेचा आकार मात्र तसाच राहतो. १० तास ३९ मिनिटांत तो ग्रहाबरोबर एक फेरी पूर्ण करतो.

आता हा आकार येतो कोठून? नदीत मधला प्रवाह वेगवान आणि काठालगतचे पाणी संथ असेल, तर दोहोंच्या सीमेवर भोवरे आणि वळणे तयार होतात हे आपण पाहिलेले असते. शनीवरही वेगवान पट्ट्याच्या दोन्ही अंगांना मंद वारे आहेत. अशा सीमेवर एखादी लहानशी हालचाल झाली तरी पट्टा किंचित वाकतो. वाकून तो ध्रुवाकडे सरकला की ग्रहाच्या फिरण्याचा त्याच्यावर होणारा परिणाम बदलतो, आणि तो बदल त्याला परत मागे ढकलतो. मागे येताना तो मूळ जागा ओलांडून पलीकडे जातो, आणि तेथून पुन्हा परततो. अशा रीतीने पट्ट्यावर एक लाट उभी राहते. या जातीच्या लाटांना रॉस्बी तरंग म्हणतात. पृथ्वीच्या वातावरणातही त्या आहेत आणि आपल्याकडील हवामान घडविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. शनीवरील पट्टा वर्तुळाकार असल्यामुळे लाटेला फिरून स्वतःच्याच शेपटीला जुळावे लागते. म्हणून लाटांची संख्या पूर्णांकातच बसते: तीन, चार, पाच, सहा. साडेपाच लाटा तेथे मावत नाहीत. शनीच्या त्या अक्षांशावरील वाऱ्याच्या वेगाला आणि पट्ट्याच्या रुंदीला सहा लाटा मानवल्या आणि वर्तुळाला सहा कोपरे आले.

लाट एका जागी टिकते कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. वारा पूर्वेकडे धावतो, तर लाट त्या वाऱ्याच्या अंगावरून पश्चिमेकडे सरकत असते. चालत्या गाडीच्या डब्यात एखादा माणूस गाडीच्याच वेगाने उलट दिशेला चालू लागला, तर फलाटावर उभ्या असलेल्यांना तो चहाच्या टपरीसमोरून हलतच नाही असे दिसेल. तसेच हे आहे.

माझ्या भाचीने सांगितलेला प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठात झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. आना आगियार, पीटर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या मेजावर सुमारे ३० लिटर पाण्याची गोल टाकी ठेवली. आत एक लहान कडे अधिक वेगाने फिरविले. त्यामुळे पाण्यात वेगवान प्रवाहाचा एक पट्टा तयार झाला. रंग टाकून त्याची वाट पाहिली, तर ती कधी त्रिकोणी, कधी चौकोनी, तर वेग योग्य तेवढा ठेवल्यावर षटकोनी झालेली दिसली. पाणी तेच, कडे तेच. केवळ वेगांतील फरक बदलला की कोपऱ्यांची संख्या बदलत होती.

वाचकहो, हे सारे समजल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही, पण आधी मी खट्टू झालो होतो. मी स्वतःला विचारले की, ३० लिटर पाण्याच्या टाकीने माझ्यापासून असे काय हिरावून घेतले? शनी तसाच होता, षटकोनही तसाच होता. कमी झाले होते ते एवढेच की, ‘याचे उत्तर कुणाजवळ नाही’ असे म्हणण्याची मला आता सोय उरली नव्हती. म्हणजे मी अल्लाहच्या महानतेचा आधार माणसाच्या अज्ञानावर ठेवला होता. जेथे माणसाला कळत नाही तेथे अल्लाह, आणि जेथे कळू लागले तेथून जणू त्याने काढता पाय घ्यावा! तोंडाने मी असे कधीच म्हटले नसते, पण तो संदेश पाठविताना माझ्या मनाची ठेवण हीच होती.

पवित्र कुरआनची ठेवण अशी नाही, आणि गंमत म्हणजे ते आपल्याला ढगांच्याच बाबतीत पाहता येते. सूरह अन्-नूरच्या ४३व्या आयतीत ढगांचे वर्णन आहे. ढग हळूहळू हाकले जातात, मग त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात, मग त्यांची रास होते आणि मग त्यांच्यामधून पाऊस बाहेर पडताना दिसतो. सूरह अर्-रूमच्या ४८व्या आयतीत वारे ढगांना उठवितात असे म्हटले आहे. येथे टप्प्याटप्प्याने घडणारी प्रक्रिया सांगितली आहे, वाऱ्याला त्याचे काम दिलेले आहे, आणि त्याच श्वासात हे सारे अल्लाहच करतो असेही म्हटले आहे. प्रक्रिया सांगितली म्हणून कर्ता पुसला गेला नाही. ‘आयत’ हा शब्दही पाहावा. कुरआनच्या वाक्यालाही आयत म्हणतात आणि सृष्टीतील निशाणीलाही आयत म्हणतात. कुरआनच्या आयतीचे व्याकरण समजले, तिच्या शब्दांची घडण उलगडली, म्हणून ती आयत राहत नाही असे आपल्यापैकी कुणीही म्हणणार नाही. उलट ज्याला अरबी येते त्याला ती अधिक भिडते. मग ढगाचे व्याकरण कळले म्हणून त्याची निशाणी का पुसली जावी?

या संदर्भात मला हिजरी सन १० मधील, इसवी सन ६३२ च्या जानेवारीतील तो दिवस वारंवार आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र हजरत इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले होते. प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले आणि मदिनेत लोक बोलू लागले की, इब्राहीम गेले म्हणून सूर्य झाकोळला. क्षणभर त्या प्रसंगाची कल्पना करा. शोकाकुल पिता आहे, श्रद्धावान अनुयायी आहेत, आकाश काळवंडले आहे आणि लोक स्वतः होऊन ती गोष्ट प्रेषितांच्या (स.) थोरवीचा पुरावा मानू लागले आहेत. मौन बाळगले असते तरी पुरे होते. परंतु प्रेषितांनी (स.) लोकांना समजाविले की सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या आहेत, कुणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण पाहाल तेव्हा नमाज अदा करा. सहीह बुखारीत हा प्रसंग आलेला आहे. त्यात एकाच वेळी दोन गोष्टी आहेत. ग्रहणाशी चिकटविलेला खोटा अर्थ नाकारला गेला, आणि ग्रहण ही निशाणी आहे हे कायम राहिले.

इमाम गजाली (र.) यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’च्या प्रस्तावनेत याच हदीसच्या अनुषंगाने फार स्पष्ट भूमिका घेतली आहे. पृथ्वी मध्ये आल्याने चंद्राला ग्रहण लागते हे गणिताने सिद्ध झालेले आहे. धर्माच्या नावाने त्याचे खंडन करू पाहणारा मनुष्य धर्माचीच हानी करतो, असे ते सांगतात. ज्याला गणित येते तो अशा खंडनामुळे गणितावर नव्हे, धर्मावर शंका घेऊ लागतो. हे लिहिणारे गजाली तेच, ज्यांनी तत्त्ववेत्त्यांवर कठोर टीका केली. त्यांच्या त्या इशाऱ्याला नऊशेहून अधिक वर्षे झाली, आणि मी भरल्या रमजानमध्ये नेमके तेच करून बसलो होतो.

शनीचे सोडा, गुरू ग्रहाचे उदाहरण तर याहून डोळे उघडणारे आहे. जूनो हे यान जुलै २०१६ मध्ये गुरूजवळ पोहोचले आणि प्रथमच त्याचे ध्रुव नीट दिसले. उत्तर ध्रुवावर मध्यभागी एक चक्रीवादळ आणि त्याभोवती आठ चक्रीवादळे कोन करून उभी. दक्षिण ध्रुवावर मध्यभागी एक आणि त्याभोवती पाच. प्रत्येकाचा व्यास हजारो किलोमीटर. उत्तरेकडील वादळे ४,००० किलोमीटरहून मोठी, तर दक्षिणेकडील काही ७,००० किलोमीटरच्या घरातील. शेजारी शेजारी फिरणारी इतकी वादळे एकमेकांत मिसळून एक का होत नाहीत, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरील माणसाला अर्धे तरी परिचित आहे. ग्रहाच्या फिरण्याचा परिणाम अक्षांशानुसार बदलत असल्यामुळे चक्रीवादळाला ध्रुवाच्या दिशेने सरकण्याची ओढ असते. पृथ्वीवरील चक्रीवादळांनाही ती असते. वाटेत इतर वारे त्यांना वळवितात, आणि जमीन लागली की ती विरतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला धडकले, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि काही तासांत ते जमिनीवर क्षीण झाले. गुरूवर जमीनच नाही. तेथे वादळ ध्रुवापर्यंत जाते आणि टिकते. मग दुसरे येते, तिसरे येते. ध्रुवावर आधीच बसलेले वादळ त्यांना आत येऊ देत नाही. प्रत्येक वादळाभोवती उलट दिशेने फिरणाऱ्या वाऱ्याचे एक कडे असते आणि ते ढालीसारखे शेजाऱ्याला दूर ठेवते, असे २०२० मध्ये चेंग ली, अँड्र्यू इंगरसोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ध्रुवाची ओढ आत खेचते, ढाल बाहेर लोटते. दोहोंचा तोल जेथे साधतो तेथे वादळे समान अंतरावर रांग धरतात.

आता असे समजा की २०१८ साली, ही बातमी प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा, आपल्यापैकी कुणी उत्साहाच्या भरात लिहिले असते: ‘गुरूच्या दक्षिण ध्रुवावर पाच वादळे, इस्लामचे आधारस्तंभ पाच, नमाजाही पाच!’ किती हातांनी तो मजकूर पुढे पाठविला असता! २०१९ च्या अखेरीस तेथे सहावे, आकाराने लहान वादळ उगवले आणि पंचकोनाचा षटकोन झाला. काही काळाने ते नाहीसेही झाले. पाचावर बांधलेल्या त्या साक्षीचे मग काय झाले असते? आणि ती साक्ष ऐकून ज्या पंधरा वर्षांच्या मुलाचे मन भारावले असते, त्याने सहावे वादळ पाहून कशावर अविश्वास दाखविला असता? शनीच्या षटकोनात तीन रेषा काढून घनाचा भास निर्माण करणारे आणि त्याचा संबंध काबागृहाशी जोडणारे मजकूरही फिरत असतात. काही लोक ते कुत्सितपणे पसरवितात, काही भाबडेपणाने. काबागृहाला शनीच्या वाऱ्याची साक्ष लागत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आक्षेप आहे. तुम्ही म्हणाल, “सगळेच जर वाऱ्याच्या वेगावर आणि लाटांच्या गणितावर उलगडले, तर अल्लाहसाठी उरले काय? उद्या मुलगा म्हणेल, षटकोन तर आपोआप होतो.” या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार जुना वाद आहे. कापसाला आग लागली तर जाळणारी आग की अल्लाह? गजालींचे म्हणणे असे की आगीत स्वतःचे सामर्थ्य नाही. अल्लाहने घालून दिलेल्या रीतीमुळे कापूस आणि आग एकत्र येताच ज्वलन घडते. इब्ने रुश्द यांनी उत्तर दिले की वस्तूंमधील कारणे नाकारलीत तर ज्ञानाचाच पाया नाकारलात. या वादाचा निकाल लावण्याची माझी योग्यता नाही. माझे मन इब्ने रुश्द यांच्याकडे थोडे अधिक झुकते, हे मात्र लपवीत नाही. परंतु दोघांनाही एक गोष्ट मान्य होती, ती म्हणजे सृष्टी बेभरवशाची नाही. कुरआन वारंवार सांगते की अल्लाहच्या रीतीत तुम्हाला बदल आढळणार नाही. त्या आयती मुख्यतः जुन्या समाजांच्या भवितव्याविषयी आहेत, हे मान्य. पण आपल्या अनेक विद्वानांनी त्यांत निसर्गनियमांच्या स्थैर्याचाही बोध पाहिला आहे.

‘आपोआप’ या शब्दाकडे जरा थांबून पाहा. ऑक्सफर्डमधील मेजावरचे पाणी आणि सूर्यापासून १४० कोटी किलोमीटर दूर असलेल्या ग्रहावरचा वायू यांना जोडणारा एकही धागा नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून शिकावे अशी सोय नाही. तरी दोन्हीकडे वेगांचा मेळ जमला की कोपरे तेच उमटतात. असे का असावे, एकच नियम तेथेही आणि येथेही का चालावा, याचे उत्तर टाकीत नाही. मी हा पुरावा म्हणून मांडीत नाही. न मानणारा मनुष्य हे सारे वाचून ‘नियम आहेत ते आहेत’ म्हणून थांबू शकतो, आणि त्याला मी तर्काने बांधून ठेवू शकत नाही. आले इम्रानच्या १९०–१९१ या आयतींत ज्या बुद्धिवंतांचे वर्णन आहे, ते उठता-बसता अल्लाहचे स्मरण करतात आणि आकाश व पृथ्वीच्या रचनेवर चिंतन करतात. मगच त्यांच्या तोंडून हे व्यर्थ निर्माण केलेले नाही असे उद्गार निघतात. मी चित्र पुढे ढकलले, तेव्हा चिंतनाची पायरी गाळून थेट उद्गारावर गेलो होतो.

माझ्या चुकीला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला अधिक बोचते. सूरह अल्-हुजुरातमध्ये आलेली बातमी पारखून घेण्याची आज्ञा आहे. बनी इस्राईलच्या ३६व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका असे सांगून, कान, डोळे आणि हृदय या सर्वांविषयी विचारणा होणार असल्याचे म्हटले आहे. आपण हे नियम शेजाऱ्याविषयीच्या अफवांना लावतो, व्यापारातील मापाला लावतो, पण ‘धर्माच्या बाजूने’ असलेल्या मजकुराला सवलत देतो. हेतू चांगला असला की असत्याचे वजन कमी होते, असे आपण मनोमन धरून चाललेलो असतो. मी तो मजकूर तपासला नाही, कारण तो खोटा निघावा अशी माझी इच्छाच नव्हती.

माझी भाची एकटी नाही. तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जी शाळेत शिकलेले आणि घरी ऐकलेले यांची मनात जुळणी करीत असते. तिने फोन केला, हे माझे भाग्य. अनेक मुले फोन करीत नाहीत. ती गप्प राहतात, आणि वडीलधाऱ्यांनी शनीविषयी सांगितलेले खोटे निघाले म्हणून इतर गोष्टींचेही वजन मनातल्या मनात कमी करीत जातात. त्यांना आपण कधी विचारतही नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी गटावर दुरुस्ती पाठविली. चित्र तेच ठेवले. खाली लिहिले की आधीचा मजकूर चुकीचा होता, तो मी न तपासता पाठविला. मग वाऱ्याचा पट्टा, लाटा आणि ऑक्सफर्डची टाकी यांविषयी जमेल तसे चार ओळींत लिहिले, आणि शेवटी पुन्हा सुबहानल्लाह लिहिले. पहिल्या संदेशाला चाळीसहून अधिक उत्तरे आली होती. याला तीन आली. त्यांतले एक माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे भाचीच्या अम्मीचे होते. आपा सातवीपर्यंतच शिकलेली आहे. तिने विचारले, “उत्तरेला जर वाऱ्यानेच हे होते, तर दक्षिणेला का होत नाही? वारा तर तिकडेही असेलच की.”

मी भाचीला फोन लावला. शनीच्या दक्षिण ध्रुवावरही मोठा भोवरा आहे, वेगवान वारे आहेत, पण षटकोन दिसलेला नाही. हा फरक नेमका कशामुळे पडतो आणि उत्तरेकडील षटकोन किती खोलवर गेलेला आहे, यांवर संशोधकांचे अजून एकमत नाही, असे ती म्हणाली. आपाला मी तसेच लिहून कळविले.